ताडोबाच्या आगरझरी गेटची बफर सफारी: ज्यांच्या उसात बिबट्या राहतो त्यांच्यासाठी

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. ताडोबाला जाणार असाल आणि वाघाबरोबर बिबट्या, अस्वल, रानकुत्री पाहायचीही इच्छा असेल, तर कोअरच्या, म्हणजे गाभ्यातल्या जंगलाच्या फेरीला बफरची, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पट्ट्याची, निदान एक फेरी जोडाच. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर या आमच्या पट्ट्यातून येणार असाल, तर पैसे हात राखून खर्च करायचे असतील तेव्हा कोअर सोडा, बफर घ्या. आगरझरी गेटच्या दुपारच्या फेरीला माझ्याकडून पाचपैकी पाच.

असं का म्हणते, ते समजायला मी कुठली हे माहीत असावं लागेल. आमचं घर नारायणगावपासून जवळ, मळ्यात. ऊस आणि टोमॅटो. शेतीची वीज रात्रपाळीची असली की आमचे हे मोटर चालू करायला निघतात आणि ते परत येईस्तोवर घरात कुणाचा डोळा लागत नाही. गोठ्यातलं वासरू बिबट्याने नेलंय, कुत्रीही गेली. आमच्या भागात माणसं गेली आहेत, लहान लेकरं गेली आहेत. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, त्यातली काही घरं माझ्या येण्याजाण्यातली आहेत. तर बिबट्या आम्ही पाहतो तो गाडीच्या उजेडात बांध ओलांडताना, नाहीतर पिंजऱ्यात गजांवर धडका घेताना. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्यापासून लांब नाही. पकडलेले, जखमी झालेले, आईपासून तुटलेले बिबटे तिथे असतात हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. यंदा दहावी झालेल्या माझ्या मुलाने विचारलं, "आई, हा जंगलात कसा राहतो?" घरात कुणालाच उत्तर देता आलं नाही. सुट्टी होती, पैसे होते, गेलो. मी, हे, मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो.

पुण्याहून रेल्वेने वर्धा, तिथून चंद्रपूर, मग भाड्याच्या गाडीने मोहर्ली. मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन काय असतं ते ऐकून होतो, पण अंगावर घेतल्याशिवाय ते कळत नाही. तरी मे हाच महिना मी सुचवेन. नाले आटलेले असतात, सागाची पानं गळून रान आरपार दिसतं आणि जनावराला पाणवठ्यावर आल्यावाचून गत्यंतर नसतं. थंडीत जंगल देखणं असतं म्हणतात, खरंही असेल, पण बिबट्या पाहायचा तर उन्हाळा.

बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः करा. पुण्यातल्या एका एजंटाने आम्हाला सांगितलं होतं की सगळं भरलंय, जास्त पैसे दिलेत तर बघतो. मुलाने संध्याकाळी मोबाईलवर पाहिलं तर बफरच्या जागा चक्क मोकळ्या होत्या. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि ड्रायव्हर. बफरचा दर कोअरपेक्षा कमी असतो आणि शनिवार-रविवारचा वेगळा लागतो. आकडे मी देत नाही, ते बदलत राहतात. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ ओळखपत्र बरोबर हवं. मंगळवारी ताडोबाचं कोअर बंद असतं. मोबाईल आत वापरता येत नाही, आणि ही बंदी मला मनापासून आवडली.

पहिली फेरी सकाळची, मोहर्लीच्या कोअर गेटमधून. त्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ताडोबा हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब उभे आहेत, ते आत्यांना वाघापेक्षा जास्त आवडले. तलावाच्या काठाला मगरी उन्हात पडलेल्या. तलावाशी तारू देवाचं ठाणं आहे, त्याच्याच नावावरून ताडोबा. तिथले लोक तारूला वाघाशी झुंजलेला माणूस मानतात. आत्यांनी गाडीतूनच हात जोडले.

वाघीण दिसली. पाण्यात मागचं अंग बुडवून बसली होती आणि तिच्या समोर जिप्सींची रांग लागली होती. कुणी उभं राहिलेलं, कुणी मागच्या गाडीला पुढे सरकायला सांगतंय, एक बाळ रडतंय. वाघीण सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण आम्ही तिला पाहत होतो त्यापेक्षा एकमेकांच्या गाड्यांनाच जास्त पाहत होतो. परत येताना एका वळणावर रानकुत्र्यांची टोळी आडवी गेली, तांबूस अंग आणि काळी झुपकेदार शेपटी. गाइडने सांगितलं की ही भुंकत नाहीत, शिट्टी घातल्यासारखा आवाज काढून एकमेकांना बोलावतात. तिथे आमच्याखेरीज एकही गाडी थांबली नाही. सगळे वाघिणीकडे निघाले होते.

बिबट्याचं मी तिथेच विचारलं. गाइडदादा म्हणाले, "कोअरमधीबी हाय, ताई. पण वाघ जास्त हाय तिथं तो दिसत नाई. बफरले जा."

हे म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे, आमच्या भागातल्या लोकांनी तर खासच. वाघ बिबट्याला मारतो. समोरासमोर गाठ पडली तर बिबट्याचं काही चालत नाही, त्याच्यापेक्षा वाघ वजनाने कितीतरी जास्त. म्हणून जिथे वाघाची दाटी, तिथे बिबट्या कडेकडेने राहतो, वाघ फिरण्याच्या वेळा चुकवतो, शिकार झाडावर चढवून ठेवतो. ताडोबाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या भोवतीचा बफर त्याहून मोठा, अकराशे चौरस किलोमीटरचा. बफर म्हणजे गावं, गुरं, धानाची शेतं आणि त्यांना लागून जंगल. तिथेही वाघ आहेतच, पण बिबट्याला सरकायला जागा आहे. गेट पुष्कळ आहेत: आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा, नवेगाव-रामदेगी, कोलारा-चौरादेव, आणखीही. आगरझरी आम्ही घेतलं कारण ते मोहर्लीपासून जवळ, इरई धरणाच्या बाजूला, आणि आत्यांच्या गुडघ्यांना लांबचा प्रवास नको होता.

दुपारी गेटवर आमच्या पाळीला आलेली गाइड बाई निघाली. खाकी गणवेश, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. ताडोबात आसपासच्या गावांतल्या बायका गाइड म्हणून काम करतात हे ऐकलं होतं, पण आपल्याच गाडीत मिळेल असं वाटलं नव्हतं. गाइड क्रमाने मिळतो, निवडता येत नाही. आमच्याबरोबर नागपूरचं एक तरुण जोडपं होतं, दोघांच्या गळ्यात मोठे कॅमेरे.

गाडी सुटल्यावर ताईंनी आधी विचारलं, कुणाला काय पाहायचंय. जोडपं म्हणालं वाघ. मुलगा म्हणाला बिबट्या. आत्या म्हणाल्या, "मला बाई काहीबी दाखव, फक्त गाडी हळू चालव." ताई हसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू घे रे, आजी हायेत." पूर्ण फेरीभर त्याने ते पाळलं. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे पहिल्या मिनिटाला सांगून टाकावं, संकोच करू नये.

पहिला तासभर ताईंनी आम्हाला जमीन वाचायला लावली. धुळीत बिबट्याचा माग दाखवला, साधारण चार बोटं रुंद, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या पायाची नखं उमटतात, मांजरकुळाची नखं आत ओढलेली असतात. हा फरक आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला यायला हवा. सकाळी बांधावर ठसा दिसला की गावभर बोंब होते आणि पुष्कळदा तो कुत्र्याचा असतो. मुलगा खाली वाकून पाहायला लागला तर ताईंनी दंडाला धरून मागे घेतला. गाडीतून उतरायचं नाही म्हणजे नाही, आणि हातपायही बाहेर काढायचे नाहीत. ऐन झाडाची सुसरीच्या पाठीसारखी साल, कांडोळचं पांढरंफटक खोड, वाळलेला बांबू हे सगळं त्या ओळखीच्या माणसांबद्दल बोलावं तसं सांगत होत्या. मध्येच बोलणं तोडून गप्प व्हायच्या, मान एका बाजूला करायच्या, मग पुन्हा बोलायला लागायच्या. त्या ऐकत होत्या. माझ्या मते या सेवेत तुम्ही ज्याचे पैसे मोजता ते हेच. जिप्सी कुणीही चालवेल. कुठलं माकड कशाला ओरडलं हे सांगणारा कान गावातल्या माणसालाच असतो.

सौर पंपावर भरणाऱ्या एका पाणवठ्याजवळ आलो तर समोरच्या अर्जुनाच्या झाडावर वानरं बसलेली, एकाच दिशेला तोंड करून. थोड्या वेळाने त्यातल्या मोठ्याने खाकरल्यासारखा आवाज काढला, खाक्, खाक्. ताईंनी हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"माकडं वरडून राहिले," त्या पुटपुटल्या. "वाघ असता तर खाली पाह्यले असते. हे समोरच्या झाडाकडं पाहून राहिले."

हे मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. वाघ झाडावर क्वचितच चढतो, त्यामुळे वाघ दिसला की वानर वरच्या फांदीवर निर्धास्त असतं. बिबट्या झाडावर चढून वानराला पकडतो, म्हणून त्याला पाहिल्यावर त्यांचा जीव वर बसूनही खालीवर होत असतो.

तेवढ्यात मागून दुसरी जिप्सी आली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, पलीकडच्या नाल्यात वाघीण आहे, पिल्लांसकट, चला लवकर. जोडप्यातला मुलगा लगेच म्हणाला, चला. आता गाइड काय करते ते मला पाहायचं होतं. पर्यटक सांगतील तिकडे गाडी पळवणं सोपं असतं, त्यात बक्षिसीही मिळते. ताई म्हणाल्या, "दादा, तिथं आता पाच-सहा गाड्या असतीन. इथं आपण एकले हावोत. थोडं थांबा. नाई निघाला तर मी सोता घेऊन जातो तुमाले." त्या मुलाने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, थांबू या. तिचे उपकार मी विसरणार नाही.

थांबलो. ऊन मानेवर, गाडीचा पत्रा तापलेला, आत्यांनी पदर ओला करून डोक्यावर घेतलेला. चितळांचा एक कळप पाण्याकडे यायला निघाला आणि निम्म्यावर थबकला. मादीने पुढचा पाय जमिनीवर आपटला. ताईंनी न बोलता बोटाने बेहड्याचं झाड दाखवलं. मी पाहिलं, दिसेना. यांना दिसेना. पहिल्यांदा दिसलं आत्यांना.

"आडवी फांदी. शेपूट लोंबतंय बघ."

खरंच शेपूट लोंबत होतं. मग त्याच्या वरचं अंग दिसलं, मग तोंड. फांदीवर पोट टेकून, चारही पाय दोन्ही बाजूंना सोडून ती पडली होती. मादी होती हे ताईंनी सांगितलं, डोकं लहान आणि मान बारीक. अंगावरचे ठिपके कुठे संपतात आणि पानांच्या सावल्या कुठे सुरू होतात ते डोळ्याला सुटं करता येत नव्हतं. हे ठिपके, म्हणजे मधे पोकळ असलेली फुलं, प्रत्येक बिबट्याची निराळी असतात. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोंतून बिबटे वेगवेगळे ओळखतात आणि मोजतात ते त्यांवरूनच.

बराच वेळाने ती उठली आणि डोकं खाली करून खोडावरून सरळ उतरली. पाण्याकडे यायला तिने जो वेळ लावला तो मला सगळ्यात लक्षात राहिला. चार पावलं, थांब. मागे बघ. पुन्हा दोन पावलं. पाणवठ्याच्या काठाला एक सागाचं झाड आहे, त्याच्या बुंध्यावर वाघाने मुतून हद्द आखलेली असते असं ताईंनी आधीच दाखवलं होतं. तिथे येऊन तिने बुंधा हुंगला, आणि तिचं सगळं अंग खाली गेलं. कान मागे, पोट जमिनीला लागलेलं. बराच वेळ तशीच. मग पाण्याला तोंड लावलं, पण दर थोड्या वेळाने मान वर. लांबून कुठूनतरी सांबर ढाँक करून ओरडलं, तशी ती पाणी टाकून दोन ढांगांत बांबूत शिरली.

आत्या मोठ्याने बोलल्या. गाडीत बोलायचं नसतं हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. "अगं, ही तर भितीय!"

"मंग काय आजी," ताई म्हणाल्या. "बिबट वाघाले लय भेते."

पुढचा रस्ता त्या दोघीच बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. आत्यांनी आमच्याकडचं सगळं सांगितलं. वासरू कसं नेलं, रात्री पाणी धरायला जाताना माणसं घुंगराच्या काठ्या कशा नेतात, मोबाईलवर गाणी लावून कशी चालतात. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ऊस किती उंच होतो. आत्यांनी हात डोक्यावर नेला. "आणि किती महिने उभा असते?" बारा-चौदा महिने. "मंग ते जंगलच झालं ना आजी. वाघ नसलेलं जंगल."

हे वाक्य आम्हा चौघांनाही लागलं. आमच्याकडच्या कित्येक बिबट्यांचा जन्म उसात झालाय. आई उसात, आजी उसात. त्यांना पिंजऱ्यात घालून दूरच्या डोंगरात सोडलं की सगळं निवळेल, असं लोकांना वाटतं आणि सुरुवातीला तसं केलंही गेलं. जुन्नरमध्ये त्याने हल्ले थांबले नाहीत, उलट सोडलेल्या जागी नवा त्रास उभा राहिला, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेलं काम २०१३ मध्ये छापून आलं. दाट लोकवस्तीच्या शेतांत बिबटे कायमचे राहतात, हे त्यात पुराव्यानिशी आहे. त्यांच्या पोटात सगळ्यात जास्त जातात ती गावातली कुत्री, हे त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या बिबट्यांचा अंदाज जाहीर झाला: देशात १३,८७४, महाराष्ट्रात १,९८५. पण ती मोजणी जंगलातली. आमच्या उसातले बिबटे त्यात धरलेलेच नाहीत.

ताईंच्या गावातही बिबट्या येतो. वाघ येतो, अस्वलही येतं. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी इथे लिहिते, कारण त्या कुठल्या पत्रकात वाचलेल्या नाहीत, जगलेल्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये बायका मोहफुलं वेचायला जातात तेव्हा एकटी कुणी जात नाही. वाकून वेचणारी बाई जनावराला माणूस वाटत नाही, म्हणून दोघी वेचतात तर एक उभी राहते आणि बोलत राहते. शेळ्या रात्री चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या गोठ्यात. कोंबड्या-बकऱ्या कापल्या की घाण गावाजवळ टाकायची नाही, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. "वाघ गावात आला तर गावाले कळते," त्या म्हणाल्या, "बिबट येऊन जाते अन् कळतबी नाई. म्हणून आमी रोजच आला असं समजूनच राहतो." आमच्या यांनी जिप्सीतच ठरवलं की गोठ्याला वरून जाळी घालायची. नारायणगावला परत आल्यावर पहिलं काम ते केलं.

जोडप्याला परतीच्या वाटेवर वाघही दिसला, ताईंनी शब्द पाळला. रस्त्याच्या कडेने आपल्या तंद्रीत चाललेला नर, आमच्या गाडीकडे एकदा पाहून रानात उतरला. सूर्य बुडाल्यावर रस्त्यावर रातवे पक्षी बसलेले होते, उजेडात त्यांचे डोळे लाल दिसतात. गाडी अगदी जवळ आल्यावरच उडायचे.

राहिलो मोहर्लीतच, एका स्थानिक कुटुंबाच्या घरगुती निवासात. खोली साधी, कूलर चांगला, जेवण उत्तम: भात, वरण, भरलेली वांगी, पाटवडीचा रस्सा. रात्री जेवून ओट्यावर बसलो होतो तर धरणाच्या बाजूने करवत चालल्यासारखा आवाज आला, घरर्-घरर् करत एका लयीत. घरमालक काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, बिबट्या आहे. थंडीच्या रात्री आमच्या उसातून हाच आवाज येतो. मालक चकित झाले आणि आत्या जरा ताठ बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाडा गेट. इथे गाइड वेगळे होते, माहितीचे पण जरा अबोल. बिबट्या नाही दिसला. अस्वल मात्र असं दिसलं की पुन्हा तसं दिसेल असं वाटत नाही. वारुळाला तोंड लावून मादी वाळव्या ओढत होती. त्या ओढण्याचा फुर्रर्र आवाज आमच्यापर्यंत येत होता आणि तिच्या पाठीवर केसांना धरून दोन पिल्लं बसलेली. एक घसरायचं, पुन्हा चढायचं. मुलाने दुर्बीण मला द्यायलाच नकार दिला. नाल्यात नवरंग पक्षी ऐकू आला, दिसला नाही. चौसिंगा क्षणभर दिसला. गवे पुष्कळ.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी. जिप्सी उंच असते, चढायला पाय बराच वर घ्यावा लागतो. आम्ही घरून प्लास्टिकचं छोटं स्टूल नेलं होतं, त्याने सगळं सोपं झालं. आणि त्यांना पुढच्या बाकावर बसवा, मागच्या बाकाला दणके जास्त बसतात. सकाळच्या फेरीला मे महिन्यातही सुरुवातीला गार लागतं, एक पातळ चादर असू द्या. धूळ खूप, तोंडाला सुती रुमाल हवाच. पाण्याच्या बाटल्या परत आणायच्या, आत काही टाकायचं नाही.

पर्यटकांबद्दल एक तक्रार करते. आगरझरीतून बाहेर पडताना एका गाडीतले लोक वानरांना खाणं दाखवून जवळ बोलावत होते आणि चितळांकडे बघून शिट्ट्या मारत होते. त्यांच्या गाइडने दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. मग आमच्या ताईंनी आपल्या गाडीतून मोठ्याने झापलं तेव्हा थांबले. ज्या रानात जनावर आवाजावर जगतं तिथे आपण आवाज करणं म्हणजे त्याच्या जगण्यावर पाय देणं आहे. गाइड सांगेल ते ऐकायचं नसेल तर कृपा करून घरी बसा.

दुसरं, बक्षिसी. गाइडला आणि ड्रायव्हरला द्या, आणि जनावर दिसलं की नाही यावर ती ठरवू नका. दिसलं तर हजार आणि नाही दिसलं तर काहीच नाही, असं केलं की पुढच्या वेळी गाडी पळते, मागच्या पाणवठ्यावर थांबत नाही. थांबण्याला पैसे द्या.

कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, बफर पावसाळ्यातही पावसाच्या मानाने चालू ठेवतात. पावसात बिबट्या दिसणं अवघड, पण तिकडचे लोक जुनोन्याचं रान त्या दिवसांत फार छान असतं म्हणतात. काळा बिबट्याही ताडोबात २०१८ पासून अधूनमधून दिसलाय, मुलाच्या डोक्यात आता तेच आहे.

आमच्या गावकऱ्यांना आणि शेजारच्या गावांना माझी एक विनंती आहे. जिप्सीत सहा जण बसतात. सरपंच, पोलीस पाटील, बचत गटातल्या दोन बायका, रात्री पाणी धरणारा एक गडी आणि शाळेतला एक शिक्षक असे सहा जण गावाने वर्गणी काढून पाठवावेत, मे महिन्यात, बफरला. गेटवर महिला गाइड मिळाली तर तिला सफारीनंतर अर्धा तास चहाला थांबवून घ्यावं. ठरवलंत तर बुकिंगला मी मदत करते, मुलाला आता ते सगळं येतं.